वाट्याला येईल तेवढी घरपट्टी

पाडव्याच्या कार्यक्रमानंतर पंगत बसली होती. काउंटीकडून घरांच्या मूल्यांकनाच्या नोटिसा त्याच आठवड्यात घरोघर आल्या होत्या, त्यामुळे श्रीखंड-पुरीच्या ताटांभोवती दुसरा विषय नव्हता. कुणाचा आकडा किती वाढला, कोण प्रोटेस्ट, म्हणजे मूल्याविरुद्ध हरकत, करणार, कुणाचा एजंट बरा, अशी चौकशी चालली होती. तेवढ्यात आमच्या मराठी मंडळातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ज्या देशानं आपल्याला उभं केलं, त्याच्या करासाठी भांडणं आपल्या संस्कारात बसत नाही. मुलांना चांगली शाळा पाहिजे, गुळगुळीत रस्ते पाहिजेत, आणि घरपट्टी आली की प्रोटेस्ट. याला हावरटपणा म्हणतात."

पंगत गप्प झाली. मीही गप्प बसले, कारण काकांचा मी मान ठेवते. आमच्यातल्या कितीतरी जणांना विमानतळावरून घरी नेऊन पहिला आठवडा त्यांनीच जेवू घातलं आहे. पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. त्या पंगतीतल्या निदान दोन घरांनी त्यांच्या शब्दाखातर हरकत घ्यायचा विचार सोडून दिला, म्हणून हे लिहायला बसले.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं आधी सांगते. आम्ही राहतो त्या टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. तो पुढेही लावता येऊ नये, असा बंदोबस्त मतदारांनी २०१९ साली राज्यघटनेतच करून घेतला. मग शाळा, शहर, काउंटी, सरकारी रुग्णालय या सगळ्यांचा मोठा भार घरपट्टीवर येतो. आमच्या भागात सगळे दर मिळून घराच्या किमतीच्या शेकडा दोनच्या आसपास जातात. चार-साडेचार लाख डॉलरच्या साध्या घराला वर्षाला आठ-नऊ हजार डॉलर. हप्ता फिटला, घर स्वतःचं झालं, तरी ही रक्कम सुटत नाही.

आता काकांच्या मुद्द्याकडे येते. त्यांच्या बोलण्याचा पाया असा, की मी माझ्या घराचं मूल्य कमी करून घेतलं म्हणजे शाळेच्या तिजोरीतून पैसे काढले. हा पायाच चुकीचा आहे. इथे दोन कामं दोन वेगळ्या जागी होतात. घराचं मूल्य काय, हे मूल्यांकन कार्यालय ठरवतं. १९७९ च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीसाठी हे काम एका कार्यालयाकडे दिलं. त्याआधी शहर वेगळी किंमत धरायचं आणि शाळा वेगळी. कराचा दर मात्र हे कार्यालय ठरवत नाही. बहुतेक हरकती निकाली निघून जुलैच्या अखेरीला मूल्यांची यादी पक्की होते. मग शाळेचं मंडळ, नगर परिषद, काउंटीचं कमिशनर मंडळ आपापलं अंदाजपत्रक समोर ठेवून ऑगस्ट-सप्टेंबरात दर ठरवतात. किती पैसा गोळा करायचा हा प्रश्न तिथला. शाळांच्या बाबतीत राज्याचं अनुदानाचं सूत्रही मध्ये येतं आणि स्थानिक मूल्य कमी भरलं तर राज्याचा वाटा वाढतो. मूल्यांकनाच्या टेबलावर प्रश्न फक्त वाटणीचा असतो: ठरलेल्या रकमेतला माझा वाटा किती आणि शेजाऱ्याचा किती.

गणपतीची वर्गणी घराच्या खोल्यांप्रमाणे ठरली असेल आणि माझ्या दोन खोल्यांच्या घरापुढे तीन लिहिल्या असतील, तर "अहो, दोनच आहेत" एवढं सांगणाऱ्याला देवधर्म नको आहे असं कुणी म्हणत नाही. घरपट्टीची हरकत नेमकी एवढंच सांगते.

काकांनी संस्कारांचं नाव घेतलं म्हणून माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी देवघराच्या फडताळात घरपट्टीच्या पावत्यांची चळत असायची. अप्पांनी एक वर्ष थकवलं नाही. एकदा चौवार्षिक आकारणीत आमच्या मागच्या दोन पत्र्याच्या खोल्या आरसीसी म्हणून लागल्या. अप्पांनी साध्या कागदावर हरकत लिहिली, सुनावणीला धोतर-टोपी घालून गेले, खोल्या येऊन बघा म्हणाले. नोंद दुरुस्त झाली. त्याच आठवड्यात त्यांनी दुरुस्त बिल भरलं आणि पावती फडताळात ठेवली. कर वेळेवर भरणं आणि चुकीची नोंद चुकीची आहे म्हणून सांगणं, या दोन्ही गोष्टी मी एकाच माणसाकडून शिकले.

दुसरा मुद्दा पंगतीत एका तरुणानं काढला. तो म्हणाला, हे आकडे संगणक काढतो, त्याला आपलं-परकं नाही, मग वाद कशाला? संगणकाला आपलं-परकं नाही हे खरं. पण त्याला माझ्या घरातलं काही माहीतही नाही. काउंटीतल्या लाखो घरांत दरवर्षी कुणी जाऊन बघू शकत नाही. म्हणून सगळ्यांचं मूल्य घाऊक पद्धतीनं काढतात. क्षेत्रफळ, बांधल्याचं साल, बांधकामाचा दर्जा, वस्ती, आणि आसपासची विक्री. त्यातही टेक्ससची गंमत म्हणू नये अशी गोष्ट अशी, की इथे घर कितीला विकलं गेलं हे सरकारदरबारी जाहीर करायची सक्तीच नाही. ज्या विक्रीवर सगळं मूल्यांकन उभं, त्या विक्रीचे आकडे कार्यालयाला मिळतील तिथून गोळा करावे लागतात. अशा पद्धतीतून निघालेला आकडा हा अंदाज असतो. कायदा करणाऱ्यांनाही ते माहीत होतं, म्हणून तर अंदाज तपासायला त्यांनी हरकती ऐकणारं वेगळं मंडळ नेमलं.

आमचं घर आम्ही २०२१ च्या उन्हाळ्यात घेतलं. त्या नोव्हेंबरात परदेशी प्रवाशांना अमेरिकेत यायला पुन्हा परवानगी मिळाली आणि अप्पा आले. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की मागच्या खोलीचं दार लागताना चौकटीला घासतं. चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे एक तिरकी भेग गेली होती. रंगाची असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. अप्पांनी टेबलावरचं क्वार्टरचं नाणं उचललं आणि कडेनं भेगेत सरकवलं. ते आत गेलं आणि तिथेच उभं राहिलं. मग ते अंगणात गेले, गवत बाजूला करून जमीन बघितली, ढेकूळ बोटांत चुरडलं आणि म्हणाले, "पोरी, ही आपलीच माती आहे. पाणी पिऊन फुगते, वाळली की फाटते. तुझं घर हिच्यावर उभं नाही, तरंगतंय."

अप्पा मातीत चुकत नाहीत. उत्तर आणि मध्य टेक्ससमधून काळ्या मातीचा जो पट्टा जातो, ती जातीनं मराठवाड्याच्या काळ्या मातीचीच बहीण आहे. तिच्यातल्या चिकणमातीमुळे उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून वर येते. इथली घरं बहुतेक काँक्रीटच्या एकाच सलग पाट्यावर बसवलेली असतात, त्यामुळे माती हलली की पाटा हलतो. उन्हाळ्यात लोक घराच्या कडेनं सच्छिद्र नळी टाकून पायाला पाणी देतात. डिसेंबरात आम्ही अभियंत्याला बोलावलं. घराच्या एका कोपऱ्याखाली खांब घालून पाया उचलावा लागेल, असं त्यानं लेखी दिलं.

एप्रिल २०२२ मध्ये नोटीस आली. घराचं मूल्य ४,८६,००० डॉलर. पाया अभंग आहे असं गृहीत धरून काढलेलं, कारण पायाबद्दल कार्यालयाला कोण सांगणार? इथे मूल्य १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतं आणि आमच्या भेगेचे फोटो, अभियंत्याचं पत्र, दोन्ही डिसेंबरातले होते. नवरा म्हणाला, जाऊ दे, कुठे सुट्टी काढतेस. मी अर्ज भरला.

त्या अर्जात कारणांच्या चौकटी असतात आणि त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एक, बाजारमूल्य चुकीचं आहे. दुसरी, माझं मूल्य माझ्यासारख्या इतर घरांच्या मानानं असमान आहे. दोन्हीवर खूण करा, कारण अर्जात नसलेलं कारण सुनावणीत काढता येईलच असं नाही. दुसरी चौकट लोक रिकामी सोडतात आणि तीच खरी ताकदीची आहे. कर समान आणि एकसारखा असला पाहिजे हे टेक्ससच्या राज्यघटनेतच आहे. म्हणून माझ्या घराचं बाजारमूल्य कार्यालयानं बरोबर धरलं असलं, तरी तशाच घरांचं मधलं मूल्य त्याहून कमी निघालं तर मला तेवढं कमी मिळायला हवं. त्यासाठी लागणारी माहिती कार्यालयाच्याच संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असते. आमच्या बिल्डरनं त्याच साली त्याच नकाशाची बांधलेली सात घरं मी शोधून काढली.

मग मी कार्यालयाकडे त्यांचा पुरावा मागितला. मागितला तर सुनावणीच्या १४ दिवस आधी तो विनामूल्य द्यावाच लागतो आणि मागून न दिलेला कागद त्यांना सुनावणीत वापरता येत नाही. त्या पुराव्यात तुलनेला घेतलेली पाच घरं होती. त्यातली दोन तळ्याकाठची, एक पोहण्याच्या तलावाचं.

सुनावणी जूनमध्ये झाली. छोटी खोली, एक लांब टेबल, भिंतीवर पडदा, त्यावर आमच्या घराचं कार्ड. पलीकडे मंडळाचे तीन सदस्य. ही माणसं मूल्यांकन कार्यालयाची नोकर नसतात. काउंटीतलेच रहिवासी असतात, राज्याचं प्रशिक्षण घेतलेले, आणि प्रकरणाबद्दल कार्यालयाशी परस्पर बोलायला त्यांना कायद्यानं बंदी आहे. त्यांचं मानधन कार्यालयाच्याच अंदाजपत्रकातून निघतं, हा या व्यवस्थेतला दोष मला दिसतो. तो दूर व्हायला हवा. पण म्हणून त्या खोलीत जाण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

शपथ झाली. कार्यालयाच्या माणसानं आपली पाच घरं मांडली. मी तळं दाखवलं, तलाव दाखवला, आमच्याच नकाशाची सात घरं दाखवली, मग भेगेचा फोटो ठेवला. त्यात अप्पांचं बोट आणि उभं राहिलेलं क्वार्टर दिसत होतं. मधे बसलेल्या बाईंनी कार्यालयाच्या माणसाला एकच प्रश्न विचारला: तुमच्यापैकी कुणी या घराच्या आत गेलं होतं का? तो म्हणाला, नाही. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं. तिघांनी आमच्यासमोरच मत दिलं आणि मूल्य ४,५१,००० झालं. त्या वर्षाच्या बिलात सुमारे सातशे डॉलरचा फरक पडला. उरलेली घरपट्टी आम्ही जानेवारीत मुदतीत भरली.

आपण समजतो, सिद्ध करायची जबाबदारी आपली. कायदा उलट सांगतो. आकडा बरोबर आहे हे मूल्यांकन कार्यालयानं सिद्ध करायचं असतं. तीन माणसांपुढे बसून सरकारी खात्यानं सामान्य घरमालकिणीला आपल्या आकड्याचा हिशोब द्यायचा, ही या देशाच्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. काका ज्या देशाबद्दल कृतज्ञ आहेत, त्याच देशानं ही खोली बांधली आहे.

काही भीती अशा आहेत ज्यांचा निकाल झटकन लावता येतो. हरकत घेतली तर मूल्य उलट वाढवतील, असं मला दोघांनी सांगितलं. २०१९ च्या कायद्यानंतर मालकाच्या संमतीशिवाय मंडळाला नोटिशीतल्या आकड्याच्या वर जाता येत नाही. दुसरी भीती खोलवरची आहे आणि ती बाळगणाऱ्यांबद्दल मला कळवळा आहे: आपण व्हिसावर, ग्रीनकार्डच्या रांगेत, सरकारी दफ्तरात आपलं नाव भांडखोर म्हणून कशाला लावून घ्या? हरकतीचा हक्क कायद्यानं मालमत्तेच्या मालकाला दिला आहे. तिथे नागरिकत्व विचारत नाहीत. काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाचा आणि इमिग्रेशनचा काही संबंध नाही. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून आपल्या लोकांना मान खाली घालायची सवय लागली आहे. ती सवय घराच्या कागदापर्यंत येऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट दहा टक्क्यांच्या मर्यादेची. राहत्या घराला होमस्टेडची नोंद केली की करात सूट मिळते आणि पुढच्या वर्षापासून करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त चढत नाही. त्यामुळे लोक म्हणतात, बाजारमूल्य कितीही लिहू देत. पण ते वरचं बाजारमूल्य कुठे जात नाही. करपात्र आकडा दरवर्षी दहा टक्क्यांनी त्याच्याकडे चढत राहतो आणि बाजार पडला तरी बिल वाढतच राहतं. आज चुकीचा राहू दिलेला आकडा तीन वर्षांनी खिशातून जातो.

काकांच्या बोलण्यातला एक भाग मात्र मी मान्य करते आणि तो मोकळेपणानं मान्य केला पाहिजे. माझा वाटा कमी झाला की तेवढा भार इतरांवर थोडा थोडा सरकतो. म्हणूनच खोटी हरकत ही चोरी आहे. दुसऱ्याच्या घराचे भेगांचे फोटो लावणारे, नातेवाइकाकडून दुरुस्तीचा फुगवलेला अंदाज लिहून घेणारे लोक आपल्यात आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. ज्याचं मूल्य बरोबर आहे त्यानं नोटीस फाइलला लावावी आणि कर भरावा. एजंटांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. ते परवानाधारक असतात, त्यांचा धंदा कायदेशीर आहे. पण वाचलेल्या रकमेतला हिस्सा घेऊन हजारो घरांच्या हरकती एका गठ्ठ्यात टाकणाऱ्याला तुमच्या दाराची चौकट माहीत नसते. एक संध्याकाळ घालवून स्वतःच्या घराचं कार्ड वाचणं ज्याला शक्य आहे, त्यानं ते दुसऱ्यावर सोपवू नये.

पण भार सरकतो, हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: आज तो कुणाकडून कुणाकडे सरकतो आहे? कार्यालयांचे मनोरे, मॉल, गोदामं यांचे मालक हरकत घ्यावी की नाही यावर पंगतीत चर्चा करत नाहीत. त्यांच्यासाठी ते दरवर्षीचं ठरलेलं काम आहे. त्यांचे वकील असमानतेचं तेच कलम वापरतात, मंडळाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत जिल्हा न्यायालयात दावा लावतात. विक्रीची किंमत जाहीर करायची नसल्यामुळे त्यांच्या इमारतींचं खरं मूल्य सिद्ध करणं कार्यालयाला घरांपेक्षाही अवघड जातं. त्यांचा वाटा जेवढा उतरतो तेवढा गप्प बसणाऱ्यांच्या अंगावर येतो. गप्प बसणाऱ्यांत मोठमोठ्या घरांत राहणारे डॉक्टर आणि मॅनेजर फार नसतात. इंग्रजीतला सरकारी कागद बघून बिचकणारे, दोन पाळ्या करणारे, "हे बिल नाही" असं वर छापलेली नोटीस बिल नाही म्हणून बाजूला ठेवणारे, असे लोक त्यात असतात.

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाई शाळेच्या कँटीनमध्ये काम करतात. घर आमच्याच नकाशाचं, त्याच साली बांधलेलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मला नोटीस दाखवली, कारण माझ्या दिवाणखान्यात कागद पसरलेले त्यांनी खिडकीतून पाहिले होते. त्यांचं मूल्य आमच्याहून बरंच जास्त होतं. होमस्टेडची ओळ रिकामी होती. त्यांनी कधी अर्जच केला नव्हता, असा अर्ज असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे सूट नाही, दहा टक्क्यांची मर्यादाही नाही. आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही अर्ज भरले. होमस्टेडचा अर्ज उशिरा केला तरी मागच्या दोन वर्षांची सूट मिळते, ती त्यांना मिळाली आणि जादा भरलेले पैसे परत आले. हरकतीत आमच्या घराचा आकडा पुरावा म्हणून लागला आणि त्यांचं मूल्य आमच्या बरोबरीला आलं. माझ्या सातशे डॉलरचा भार शेजारणीवर पडू नये म्हणून मी गप्प बसायला हवं होतं, असं काका म्हणतील का? मला तरी वाटतं, मी गप्प बसले असते तर त्या आजही आपल्या वाट्याहून जास्त भरत असत्या.

काका, तुमच्या पिढीनं इथे पडेल ते सोसलं आणि तक्रार केली नाही, याचं मोल मी जाणते. पण तुम्ही ज्या पंगतीत बोललात तिथे तुमचा शब्द लोक मानतात. तो शब्द मागे घ्या, एवढी विनंती आहे. आणि जमलं तर यंदा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक रविवार द्या. खुर्च्या मी लावीन. ज्यांना कागद वाचता येतो त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्याशेजारी बसायचं, मराठी असोत की नसोत. २०२३ च्या मतदानानं शाळेच्या करातली होमस्टेडची सूट १ लाख डॉलर झाली, २०२५ च्या मतदानानं ती १ लाख ४० हजार झाली. आपल्या गल्लीत ती कुणाला मिळालेली नाही, एवढं विचारलं तरी पुरे. २०२४ पासून मोठ्या काउंट्यांत मूल्यांकन कार्यालयाच्या संचालक मंडळावरचे तीन सदस्य थेट मतदानानं निवडले जातात. ज्यांना मताचा हक्क आहे त्यांनी त्या मतपत्रिकेचा तळ गाठेपर्यंत खूण करत जावी.

नोटिसा एप्रिलमध्ये येतात. हरकतीची मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. अर्ज छोटा आहे आणि त्याला शुल्क नाही.